थ्री लार्क्सची नोंद

डॉक्टर बोडस कुठल्याही दुकानात शिरले की विकायला ठेवलेला माल सोडून बाकी सगळं बघायचे. कार्पेटच्या दुकानात गेले तर छताकडे. नखं रंगवून देणाऱ्या मुलींच्या दुकानात गेले तर खिडकीखालच्या जुन्या टाइल्सकडे. मग काउंटरवरच्या माणसाला अतिशय अदबीने विचारायचे, "माफ करा, तुमच्याकडे तळघरात उतरायचं दार कुठे आहे?" समोरचा साहजिकच घाबरायचा. ऐंशीच्या घरातला, टाय लावलेला, हातात टॉर्च घेतलेला भारतीय म्हातारा तळघराची चौकशी करतो म्हणजे तो कौन्सिलचा तरी असणार, नाहीतर त्याचं डोकं तरी फिरलेलं असणार. कौन्सिलचा मी होतो. मी मागे उभा राहून "सॉरी" म्हणायचो.

वॉटफर्डच्या थोडं पलीकडे आमचं गाव. बोडस मिरजेला शिकून इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत याच गावात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होते. निवृत्तीनंतर आमच्या लोकांपैकी काही बागेत रमतात, काही क्रूझवर जातात आणि ज्यांना दोन्ही जमत नाही ते मंडळाचे अध्यक्ष होतात. बोडसांनी गावातल्या नाहीशा झालेल्या पबचा आणि सरायांचा इतिहास लिहायला घेतला. स्वतः दारूचा थेंब कधी घेतलेला नाही. मंडळाच्या दिवाळीत कोणीतरी त्यांना चिडवलं, "काय डॉक्टर, हल्ली रोज पबमध्ये असता म्हणे?" बोडस चकली मोडत म्हणाले, "असतो की. पण मी पोचेपर्यंत तो बंद झालेला असतो. कधी चाळीस वर्षांपूर्वी, कधी शंभर."

पब का, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं. "अरे मिलिंद, मी इथे आलो तेव्हा मला रस्ते कोण शिकवणार? पेशंटचा फोन यायचा, डॉक्टर, प्लाऊ आलं की डावीकडे, मग बेलच्या समोरची गल्ली, हिरवं दार. रस्त्याचं नाव कोणी सांगायचंच नाही, नुसती पबची नावं. अख्खं गाव मी दारूच्या गुत्त्यांवरून पाठ केलं. आत पाय न ठेवता." आत ते एकदाच गेले होते, पहिल्या हिवाळ्यात, रस्ता चुकला म्हणून. "सगळे एकदम गप्प झाले. डार्ट्स खेळणाऱ्याच्या हातातला बाण हातातच. मालकाने रस्ता सांगितला, नीट सांगितला, आणि मला दारापर्यंत सोडायला आला. ते सौजन्य होतं की मी नक्की बाहेर पडतोय याची खात्री, ते मला अजून कळलेलं नाही." हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नसायचा. दुसऱ्याच्या केसपेपरवरचं वाचून दाखवावं तसं सांगायचे. "मग एकेक पब जायला लागला. निवृत्त होता होता निम्म्याहून जास्त खुणा गेल्या. नव्या डॉक्टरला पत्ता सांगायला गेलो की लक्षात यायचं, मी सांगतोय ते गाव आता नाहीच."

त्यांची पद्धत दवाखान्यातलीच होती. प्रत्येक पबचं एक कार्ड. नाव, जागा, मालक, कधी उघडला, कशाने गेला. ही कार्डं बुटांच्या खोक्यांत, उभी. आणि नियम एकच, दोन पुराव्यांशिवाय कार्ड करायचं नाही. परवान्यांचं रजिस्टर, जुनी व्यापारी डिरेक्टरी, नकाशा, फोटो, यातलं काहीही चालेल, पण एकमेकांपासून वेगळं हवं. "पेशंट सांगतो ते लक्षण," ते म्हणायचे. "निदान म्हणायचं तर आपल्याला दुसरं काहीतरी दिसावं लागतं."

मी कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात, म्हणजे जुने नकाशे आमच्या तळघरात आणि त्यांच्या चाव्या माझ्याकडे. एवढ्या भांडवलावर बोडसांनी माझे सगळे शनिवार घेतले. गाडी मी चालवायची, काउंटी रेकॉर्ड ऑफिसला जायचं, कोट लॉकरमध्ये ठेवायचे आणि जाड रजिस्टरं, बांधणी उसवू नये म्हणून, उशीवर उघडून पेन्सिलीने उतरवून घ्यायचं. पाचला बाहेर पडलो की डोळ्यांपुढे नुसती वळणदार अक्षरं तरंगायची. माझी बायको म्हणायची, "लोकांचे नवरे पबमध्ये जातात, माझा पब शोधायला जातो. ते निदान घरी येताना खूश तरी असतात."

या कार्डांची कुणकुण गावच्या इतिहास सोसायटीला लागली आणि तिच्या चेअरमनसाहेबांनी 'हेरिटेज बोर्ड'ची घोषणा केली. शॉपिंग सेंटरच्या दारात मोठा नकाशा, त्यावर गावातले सगळे नाहीसे झालेले पब, क्रमांकासह. चेअरमन मोठे उत्साही. गावच्या महापौराला गळ्यात घालायला साखळी असते, त्यांना नव्हती, म्हणून त्यांनी सोसायटीचा एक बिल्ला करून घेतला होता आणि तो ते किराणा आणायला जातानाही लावत. बोर्डाचा मजकूर बोडसांच्या कार्डांतून घ्यायचा होता. बोडसांचं नाव खाली उजव्या कोपऱ्यात, छपाई करणाऱ्याच्या नावाच्या वर. बोडसांना त्याचं काही नव्हतं. त्यांची पंचाईत वेगळीच झाली, आणि ती विनी हॉब्जने केली.

विनी त्यांची जुनी पेशंट. नव्वदी ओलांडलेली, गावाबाहेरच्या केअर होममध्ये राहायची. बोडस तिला दर बुधवारी भेटायला जात आणि इतक्या वर्षांनंतरही 'मिसेस हॉब्ज' म्हणत. त्यांनी बोर्डाचा कच्चा नकाशा दाखवायला नेला, तर तिने तो भिंगाखाली धरून कोपरान्‌कोपरा पाहिला आणि म्हणाली, "लार्क्स कुठाय?" टॅनयार्ड लेनमधला 'द थ्री लार्क्स', तीन चंडोल. तिच्या आजीचा पब. त्याच्या माडीवर आपला जन्म झाला, असं ती आयुष्यभर सांगत आली होती.

बोडसांच्या खोक्यात असं कार्ड नव्हतं. सोसायटीच्या कुठल्याच यादीत नव्हतं. चेअरमन म्हणाले की लहान मुलं पुष्कळ गोष्टी मनाने रचतात आणि म्हातारपणी त्या खऱ्या वाटू लागतात. विनीचा मुलगा कीथ, साठी उलटलेला सज्जन माणूस, ओशाळून आईबद्दल म्हणाला, "मम गोंधळते हल्ली, डॉक्टर. परवा मला प्लंबर समजली." विनीला हे कळलं. पुढच्या बुधवारी मीही बरोबर होतो. ती बोडसांना म्हणाली, "नवऱ्याचं नाव मला सकाळी आठवत नाही, दुपारी आठवतं. ते मी कबूल करते. पण म्हणून लार्क्स खोटा? कीथ म्हणतो, बोर्डावर नाही म्हणजे नव्हताच. मग मी जन्मले कुठे, डॉक्टर? हवेत?"

बोडसांनी तिचा जन्मदाखला मागवला. त्यावर टॅनयार्ड लेन होतं, पण घराचा नंबर नव्हता, आणि वडिलांचा धंदा 'मजूर'. कीथ म्हणाला, बघा, मजुराची खोली असणार. मग बोडसांनी मला विचारलं. मी तळघरात जाऊन टॅनयार्ड लेनची फाइल काढली, जुना मोठा नकाशा काढला. कातड्याचा कारखाना, तबेला, सहा घरं, समोर चॅपल. पबची खूण कुठेही नाही. मी त्यांना म्हटलं, "काका, त्या गल्लीत पब नव्हता. नकाशात नाही, फाइलमध्ये नाही." लोकांचे कॉन्झर्व्हेटरीचे, म्हणजे घरामागे काचेची खोली काढायचे, अर्ज आम्ही ज्या सुरात नामंजूर करतो त्या सुरात म्हटलं. बोडसांनी मान डोलावली. ते मला तज्ज्ञ समजत.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. बोर्ड नेहमीच्या सरकारी वेगाने पुढे सरकत होता. आम्ही रजिस्टरं पुन्हा पाहिली, लार्क्स या नावाने, लेनच्या नावाने, विनीच्या वडिलांच्या नावाने. काही नाही. बोडसांचे पाय सुजायला लागले. रेकॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या चढताना ते मध्येच थांबून भिंतीवरची नोटीस वाचल्यासारखं करायचे. तीच नोटीस, दर शनिवारी. त्यांची मुलगी शर्मिला कार्डिफला, युनिव्हर्सिटीत. तिचा मला फोन यायचा, इथेच वाढलेल्या मुलांच्या मोडक्या मराठीत. "मिलिंददादा, तू बाबांना सांग ना. ते माझी ऐकतच नाही. हार्ट इतका वीक आहे आणि एकटा राहते. इथे पण खूप पब बंद झाली आहे, त्यांना सांग, प्लीज." मी निरोप पोचवायचो. बोडस म्हणायचे, "कार्डिफचे पब कार्डिफवाल्यांनी बघावेत. आणि विनीचं अजून मिटलेलं नाही."

खरं सांगायचं तर मी कंटाळलो होतो. मजकूर छापायला जायच्या आधी मी त्यांना स्पष्ट म्हटलं, "काका, टाकून द्या ना एक ठिपका. शॉपिंग सेंटरच्या दारातला बोर्ड आहे, कोर्टातलं ऍफिडेव्हिट नाही. म्हातारी खूश होईल. कोण तपासणार आहे?"

बोडसांनी चष्मा काढला. "तीच तपासेल. तिने विचारलं, डॉक्टर, सापडला का, तर काय सांगू? नाही, पण तुमचं वय बघून टाकला?" मग म्हणाले, "तिला दया नकोय रे. नोंद हवीय. दया मी तिला गोळ्यांबरोबर पुष्कळ दिलीय."

मजकूर लार्क्सशिवाय छापायला गेला.

त्यानंतरच्या एका बुधवारी मीही बरोबर गेलो. बाहेर बारीक पाऊस होता. केअर होमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीवर कोणीतरी घर विकत घेत होतं आणि समोर बसलेल्यांपैकी कोणालाही त्यात रस नव्हता. विनी बरीच खंगली होती. बोडसांनी खुर्ची तिच्या जवळ ओढली, सवयीने नाडीवर बोटं ठेवली आणि या खेपेला पबबद्दल काही विचारलंच नाही.

"मिसेस हॉब्ज, लहानपणी तुम्ही झोपायचात ती खोली. पलंगावरून काय दिसायचं?"

"चॅपलचं घड्याळ. अर्धंच. वरचे आकडे."

"आणि संध्याकाळी ऐकू काय यायचं?"

"बूट. माणसांचे बूट. पलंगाखालून आवाज यायचा."

"ती माणसं गल्लीतून येताना दिसायची खिडकीतून?"

"नाही. गल्लीत कोण येणार? गल्लीतलं दार आमचं. मम, मी आणि कोळसेवाला."

"मग माणसं कुठून यायची?"

"पुढून!" ढ मुलाला सांगावं तसं ती म्हणाली. "मोठ्या रस्त्यावरून. पबमध्ये माणूस पुढून नाही तर कुठून जातो? तुम्ही कधी गेलाच नाहीत वाटतं."

"एकदाच," बोडस म्हणाले. "आजीला ती माणसं काय हाक मारायची?"

"नेल. पैसे द्यायचे नसले की मिसेस प्रायर."

बोडसांनी माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यावरच्या इमारतीची फाइल आमच्याकडे पुढच्या, मोठ्या रस्त्याच्या नावाने असते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. मी गल्लीची फाइल पाहिली, गल्लीचा नकाशा पाहिला आणि गल्लीत पब नाही म्हणून सांगून मोकळा झालो. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत मी एकदाही या बाईला एकही प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळघरात मार्केट स्ट्रीटची, म्हणजे त्या मोठ्या रस्त्याची, फाइल काढली. टॅनयार्ड लेनच्या तोंडाशी, कोपऱ्यावर, 'द मेसन्स आर्म्स'. हा पब बोडसांच्या खोक्यात पहिल्या वर्षापासून होता, दोन पुराव्यांसह, आणि छापलेल्या बोर्डावरही होता. फाइलमध्ये गटाराच्या दुरुस्तीचा एक जुना आराखडा निघाला. त्यावर राहत्या घराचं दार टॅनयार्ड लेनमध्ये दाखवलं होतं. सोबतच्या अर्जात बिअर पुरवणाऱ्या ब्रुअरीच्या कारकुनाने लिहिलं होतं: मेसन्स आर्म्स, गावात थ्री लार्क्स म्हणून परिचित, परवाना श्रीमती एलन प्रायर. एलनचं घरगुती नाव नेल, हे मलादेखील माहीत होतं. विनीचे वडील सासुरवाडीला राहत असणार, म्हणून पब आजीच्या नावावर आणि वडील कागदोपत्री मजूर. आज तो कोपरा बहुमजली कार पार्कमध्ये गेला आहे. विनी जिथे जन्मली तिथून हल्ली गाड्या बाहेर पडतात.

मी बोडसांना फोन केला आणि माफी मागायला सुरुवात केली. ते म्हणाले, "माफी राहू दे. फोटोकॉपी आण."

चेअरमनसाहेबांना आनंद झाला. "म्हणजे बाईंचा पब बोर्डावर आहेच की!" बोडस म्हणाले, "आहे. पण त्या नावाने तिने त्याला कधी ओळखलेलं नाही. कंसात दोन शब्द घालता येतील?" चेअरमन गंभीर झाले. पत्रा छापून आला होता. नवीन पत्रा म्हणजे समितीचा ठराव. शिवाय टोपणनावं घालायला लागलो तर कुठे थांबायचं, आणि अधिकृत नाव ते अधिकृत नाव. पुढच्या आवृत्तीत बघू. शॉपिंग सेंटरच्या बोर्डाची पुढची आवृत्ती कधी निघते, हे मी त्यांना विचारलं नाही. आमच्या खात्यातही आम्ही हेच वाक्य वापरतो.

उद्‌घाटनाला बोडसांना स्टेजवर बोलावलं होतं. त्यांनी चिठ्ठी पाठवली की त्या दिवशी त्यांना एक व्हिजिट आहे. कौन्सिलतर्फे मीही हजर राहणं अपेक्षित होतं. महापौर पडद्याची दोरी ओढत असतील त्या वेळी मी केअर होमच्या पार्किंगमध्ये बोडसांना गाडीतून उतरवत होतो. कोट, टाय, खिशात एक कार्ड.

विनी पलंगावरच होती. कीथ खिडकीशी उभा होता. बोडसांनी कार्ड काढलं आणि उभं राहून वाचलं, कोर्टात वाचावं तसं. द थ्री लार्क्स. परवान्यातील नाव मेसन्स आर्म्स. टॅनयार्ड लेन आणि मार्केट स्ट्रीटचा कोपरा. चालक, एलन प्रायर, विधवा. राहण्याचं दार लेनमध्ये. खाली त्यांनी आराखड्याचा क्रमांक वाचला, रजिस्टरचं पान वाचलं. काही गाळलं नाही.

"निदानाला दोन वर्षं लावलीत, डॉक्टर," विनी म्हणाली.

"लावली. चूक आमची."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. या खेपेला तिने डोळे मिटले होते. मग म्हणाली, "आजीने खिडकीत पिंजरे टांगले होते. तीन चंडोल. त्यावरून पडलं नाव."

"तिन्ही गायचे?"

"दोनच. तिसरा आळशी. पण लोकांना वाटायचं तोच चांगला गातो, कारण तो दिसायला मोठा होता."

बोडसांनी कार्ड उलटं केलं, गुडघ्यावर ठेवलं आणि लिहिलं: 'तिसरा गात नसे. माहिती, विनिफ्रेड हॉब्ज.' याला दुसरा पुरावा काय, असं मी विचारलं नाही. मलाही थोडी अक्कल आली होती.

विनी त्या उन्हाळ्यात गेली. क्रिमेटोरियममध्ये आम्ही मागच्या रांगेत बसलो. हातात कार्यक्रमाची छापील घडी होती. पहिल्या पानावर तिचा तरुणपणचा फोटो, आणि फोटोखाली कीथने छापून घेतलं होतं: जन्म, द थ्री लार्क्स, टॅनयार्ड लेन. बोडसांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. प्रार्थना चालू असताना सगळे उभे राहिले तेव्हा ते उभे राहिले नाहीत. पायांमुळे की कशामुळे, मी पाहायला गेलो नाही.

बाहेर कीथ आला. म्हणाला, "मी तिच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"नाही," बोडस म्हणाले. "विश्वास मीही ठेवला नव्हता. विचारायला हवं होतं." आणि मग मराठीत, माझ्याकडे वळून, "चल रे, दमलो."

घरापर्यंत ते झोपले होते. महिनाभरात शर्मिला कार्डिफहून व्हॅन घेऊन आली. पुस्तकं गेली, भांडी गेली, बुटांची खोकी त्यांनी माझ्या गाडीत ठेवायला लावली. निरोपाचं भाषण वगैरे काही झालं नाही. "तिथे पाऊस जास्त आहे म्हणतात," एवढंच म्हणाले आणि सीटबेल्ट लावून घेतला. हिवाळ्यात शर्मिलाचा फोन आला. झोपेतच गेले. शेवटच्या आठवड्यात ते नर्सला विचारत होते म्हणे, हे हॉस्पिटल बांधायच्या आधी इथे काय होतं.

मी अजून त्याच खात्यात आहे. काउंटरवर अधूनमधून एखादं म्हातारं माणूस येतं आणि अमुक ठिकाणी विहीर होती, तमुक भिंतीला दार होतं, असं सांगायला लागतं. पूर्वी मी लगेच नकाशा काढून, तसं काही नव्हतं, असं दाखवून द्यायचो. आता आधी खुर्ची आणून देतो आणि विचारतो की त्या दारातून कोण यायचं, कोण जायचं. बहुतेकांना वेळ खूप असतो. दुपारपर्यंत निम्मे अर्ज तसेच पडून राहतात, आणि त्याबद्दल साहेबांचं मला एक पत्रही आलेलं आहे.